नाशिकहून राष्ट्रीय फर्निचर डिझाइन स्पर्धेला: पहिली प्रवेशिका पाठवणाऱ्यांसाठी

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपवर दर वर्षी दोन-तीन मुलंमुली एकच प्रश्न घेऊन येतात: राष्ट्रीय स्पर्धेला खुर्ची पाठवायची आहे, सुरुवात कुठून करू? सोबत मोबाइलवर एक चकचकीत थ्रीडी चित्र असतं. पाय बोटाएवढे बारीक, पाठ हवेत तरंगणारी. मी विचारतो, यावर बसणार कोण? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मग चहा मागवतो आणि त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. त्या चहावरच्या गप्पाच इथे लिहून काढल्या आहेत. मी स्वतः चार वेळा प्रवेशिका पाठवल्या, त्यांतली एक अंतिम फेरीपर्यंत गेली. जे चुकलं तेही सांगणार आहे, कारण त्या चुकांचे पैसे मी भरले आहेत आणि तुम्हाला ते पुन्हा भरावे लागू नयेत.

आधी स्पर्धा नीट वाचा

'राष्ट्रीय पुरस्कार' या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. इंडिया डिझाइन कौन्सिलचं 'इंडिया डिझाइन मार्क' हे तयार उत्पादनाला मिळणारं मानांकन आहे. तुमच्याकडे नुसतं रेखाटन असेल तर ते तुमच्यासाठी नाही. केंद्र सरकारचे हस्तकलेचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५ पासून दिले जातात, तिथे कारागिराच्या हातातलं कसब पाहिलं जातं. लाकडावर कोरीव काम करणाऱ्या घरातल्या मुलांनी त्या वाटेने जरूर जावं. 'इंडिया स्किल्स' या कौशल्य स्पर्धेत कॅबिनेटमेकिंग (फर्निचर घडवणं) आणि जॉइनरी (दारं-खिडक्यांसारखं सांधेकाम) हे विभाग असतात. तिथे दिलेल्या ड्रॉइंगवरून ठरलेल्या वेळेत वस्तू घडवायची असते, कल्पना तुमची नसते. मी इथे बोलतोय ते उरलेल्या प्रकाराबद्दल: उद्योगसंघटना, कंपन्या किंवा डिझाइन संस्था भरवतात त्या स्पर्धा, जिथे फर्निचरची कल्पनाही तुमची आणि ती उभी करण्याची जबाबदारीही तुमची.

नियमावलीची प्रिंट काढा. मोबाइलवर वाचून भागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पेन्सिल घेऊन बसा आणि आधी विभाग बघा: विद्यार्थी, व्यावसायिक, घरगुती, ऑफिस, बाहेरचं फर्निचर, जे काही असेल ते. चुकीच्या विभागात टाकलेली चांगली प्रवेशिका पहिल्याच चाळणीत बाद होते. मग बघा की नुसती कल्पना चालते की पुढच्या फेरीला प्रत्यक्ष वस्तू न्यावी लागते, आणि लागत असेल तर निकाल आणि वस्तू पोचवण्याची तारीख यांत किती दिवस आहेत. बऱ्याच ठिकाणी प्रवेशिका निनावी असते. शीटच्या कोपऱ्यात हौसेने टाकलेला वर्कशॉपचा लोगो तुम्हाला बाहेर काढू शकतो. जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च कोणाचा, हेही विचारून घ्या.

आणि हक्कांचं कलम. ते दोनदा वाचा. 'प्रदर्शन आणि प्रसिद्धीसाठी छायाचित्रं वापरण्याचा अधिकार' हे ठीक आहे, सगळेच मागतात. पण 'सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं लिहिलं असेल, तर तिथे आपली चांगली कल्पना पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीस एकाला मिळतं, कल्पना सगळ्यांच्या जातात.

शेवटच्या तारखेपासून मागे मोजत किमान बारा आठवडे धरा. आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते, ती म्हणजे पाऊस. आषाढ-श्रावणात लाकूड ओल धरतं आणि पॉलिशवर पांढुरका धुकट थर येतो. ऑक्टोबरची तारीख असेल तर वस्तू जूनच्या आत उभी राहायला हवी, पावसाळ्यात ड्रॉइंग आणि मजकूर करावा.

एक माणूस, एक अडचण

नाशिककर मुलांना वाटतं की राष्ट्रीय पातळी म्हटलं की दिल्ली-मुंबईच्या दिवाणखान्यातलं काहीतरी हवं. मला अगदी उलट वाटतं. परीक्षकांनी तसे सोफे आणि कॉफी टेबलं शेकड्यांनी पाहिलेली असतात. त्यांनी जे पाहिलेलं नाही ते आपल्या अंगणात पडलेलं आहे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं. पाणी किती मावतं, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, रिकामा किती जड, भरलेला किती जड, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. लोट्याला विचारलेले ते प्रश्नच आपल्याला पाट, चौरंग, फडताळ, मांडणी यांना विचारायचे आहेत.

माझी जी प्रवेशिका अंतिम फेरीत गेली, तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. आमच्या मावशीचं घर लासलगावजवळ. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर काढला की बायका निवडायला बसतात. सडका बाजूला, जोड कांदा बाजूला, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी. सकाळी आठपासून उकिडवं बसून, आणि ढीग सरकेल तसं स्वतःही सरकत. बसायला काय, तर पालथं घमेलं, वीट, दुमडलेलं पोतं. मावशीचे गुडघे पन्नाशीतच गेले होते.

मी एक बुटकं स्टूल केलं. चार पाय, सागाची बैठक, उंची सात इंच, पॉलिश अगदी आरशासारखं. अभिमानाने नेऊन दिलं. पहिल्या तासाभरात तीन गोष्टी झाल्या. मोकळ्या मातीत पाय रुतले आणि स्टूल एका बाजूला कललं. सरकताना मावशीला दर वेळी उठून ते उचलावं लागलं, कारण रुतलेलं स्टूल ओढलं जात नव्हतं. आणि बैठकीच्या कोपऱ्यात लुगड्याचा काठ अडकला. दुपारी पाहिलं तर बाईने ते आडवं पाडलं होतं आणि त्याच्या कडेवर बसून काम चालू होतं. कारण आडवं पडल्यावर दोन पाय जमिनीला लांबीत टेकत होते आणि ते बर्फावरच्या स्लेज गाडीसारखं ओढता येत होतं.

मी घरी येऊन ते स्टूल समोर ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिलो. डिझाइन मावशीने केलं होतं, मला फक्त ते वाचायचं होतं. पुढच्या नमुन्यात पाय काढून टाकले आणि खाली दोन लांब पट्ट्या दिल्या, पुढची टोकं किंचित वर वळवलेली. बैठकीला मधे चार बोटांची खाच, बसल्या बसल्या मागे हात घालून ओढायला. कोपरे गोल. बैठकीची फळी काढून सागाच्या चौकटीत बांबूच्या कामट्या बसवल्या, म्हणजे माती खाली गळून जाते. पहिलं स्टूल तीन किलो आठशे ग्रॅम होतं, शेवटचा नमुना एक किलो नऊशे. मधे पाच नमुने झाले आणि पाचही मावशीच्या चाळीत राहिले.

तुम्हाला मावशीचीच गोष्ट शोधायची नाहीये. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर टेबलाशी उभ्या असणाऱ्या मुली आहेत. भांडी बाजारात जमिनीवर बसून तांबं-पितळ विकणारे दुकानदार आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत एमपीएससीचा अभ्यास करणारी चार पोरं आहेत. येवल्यात पैठणीच्या मागावर बसणारा विणकर आहे, त्याच्या पाठीकडे बघा. एक निवडा, किमान तीन वेळा वेगवेगळ्या वेळी जा, आणि पहिल्या दोन भेटींत काहीही सुचवू नका. फोटो विचारून काढा. मापं लिहा: बसल्यावर गुडघा किती वर येतो, हात कुठवर पोचतो, किती मिनिटांनी माणूस कूस बदलतो.

मापांसाठी एक आधार सांगून ठेवतो. एनआयडीने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे. परदेशी तक्त्यांतून उचललेली साडेअठरा इंचांची बैठक आपल्या बऱ्याच बायकांचे पाय अधांतरी ठेवते. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात: ही उंची कुठून आणली?

पुठ्ठा, तुकडा प्लाय, आणि मग लाकूड

कॉम्प्युटर उघडण्याआधी पुठ्ठा उघडा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, कटर, फेविकॉल आणि कागदी टेप एवढं पुरतं. एकास पाच प्रमाणात छोटा नमुना करा, म्हणजे बुटकं दिसतंय की उंच, पाय जड वाटतात का, हे कळतं. त्यानंतर थेट पूर्ण मापाचा नमुना करायचा, वर्कशॉपमधल्या तुकडा प्लायचा, स्क्रू मारून, कुरूप दिसला तरी चालेल असा. त्यावर वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या वजनाच्या दहा माणसांना बसवा. आजीला बसवा आणि तिला स्वतःहून उठू द्या. ती उठताना हात कुठे टेकवते ते बघा.

आमचे मिस्त्री जुन्या पद्धतीचे आहेत. ते खुर्चीची बाजू प्लायच्या शीटवर फुल साइज आखतात आणि त्यावरूनच मागच्या पायाचा फर्मा, म्हणजे साचा, कापतात. ही पद्धत शिकून घ्या. स्क्रीनवर जो बाक डौलदार दिसतो तो आठ बाय चारच्या शीटवर आखला की लगेच कळतं, लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची धाव, कुठे तुटणार आणि पाय कुठे मोडणार. वक्र भागात रेषा आडवा कापला गेला, की तिथे खुर्ची आज ना उद्या दगा देते.

नक्कल टाळा, हे सांगायलाच हवं. चंडीगढसाठी १९५०च्या दशकात स्विस वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली ज्या साग आणि वेताच्या खुर्च्या झाल्या, त्यांचे उलट्या व्ही आकाराचे पाय आज प्रत्येक शोरूममध्ये दिसतात. ते पाय सुंदर आहेत, मला स्वतःला फार आवडतात. पण ते लावून तुम्ही नवीन काही केलं असं कोणताही जाणता परीक्षक मानणार नाही. तीच गोष्ट वाड्यांची. पंचवटीतल्या वाड्याच्या खांबावरची नक्षी सीएनसी यंत्रावर काढून सोफ्याच्या हातावर चिकटवली म्हणजे परंपरा आली असं होत नाही. वाड्यातला झोपाळा बघायचा असेल तर त्याच्या पितळी कड्या फळीला कुठे आणि कशा धरतात ते बघा, भार कसा वाटला जातो ते बघा.

वखारीपासून पावडर कोटिंगपर्यंत

नाशिकसारखी सोय फार थोड्या गावांना आहे. एकीकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूचा साग आणि बांबू, दुसरीकडे सातपूर-अंबडला पत्रा वाकवणं, लेझर कटिंग, पाइप बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं पाच-सात किलोमीटरच्या आत. गाड्यांच्या सुट्या भागांमुळे इथे जी अचूकता आली आहे ती फर्निचरवाल्याने वापरायलाच हवी.

एक नमुना करून घेणं हे मात्र कसब आहे. जॉबवर्कवाल्याला एका पिसात रस नसतो. त्यामुळे दुपारी गर्दीच्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी काम आवरत आलं की जा, ड्रॉइंग कागदावर घेऊन जा, आणि सांगा की घाई नाही. पावडर कोटिंगसाठी स्वतःचा रंग मागू नका. त्यांच्याकडे या आठवड्यात काळा किंवा करडा कुठला लॉट चालू आहे ते विचारा आणि आपला पीस त्याच हुकांवर लटकवून घ्या. अर्ध्याहून जास्त खर्च वाचतो.

लाकूड वखारीतून पक्क्या बिलावरच घ्या. ओळखीच्या माणसाकडून, जंगलाकडून आलेलं, स्वस्तात मिळालेलं असं सागवान घेऊ नका. वाहतूक परवान्याशिवायचं लाकूड जप्त होऊ शकतं, आणि स्पर्धेच्या अर्जात साहित्याचा स्रोत विचारला तर लिहिणार काय? खासगी जमिनीतला बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर 'वृक्ष' या व्याख्येतून बाहेर आला आहे, त्यामुळे शेतकऱ्याकडून बांबू घेणं सोपं झालं. तो बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात प्रक्रिया करून घ्या, नाहीतर भुंगा तुमच्या आधी स्पर्धेला पोचेल. शिसवीचा मोह होईल, पण पुढे परदेशी प्रदर्शनाला नेण्याचा विचार असेल तर जाणून ठेवा की शिसवीचा अख्खा वंश (जीनस) २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि निर्यातीला कागदपत्रं लागतात. प्लाय घेताना भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का वाचा: साधा वापर असेल तर आयएस ३०३, पाण्याशी गाठ असेल तर आयएस ७१०.

माझा फुटलेला टेबलटॉप

पहिल्या वर्षी मी सागाचं छोटं टेबल पाठवलं होतं. वरचा भाग साडेचारशे मिलिमीटर रुंद, तीन फळ्या जोडून केलेला, आणि चारही बाजूंनी चौकटीत फेविकॉल भरून घट्ट बसवलेला. सप्टेंबरमध्ये नाशिकहून निघालं तेव्हा सांधा कुठे आहे ते बोटालाही लागत नव्हतं. प्रदर्शनाच्या वातानुकूलित हॉलमध्ये दहा दिवस राहिल्यावर मधोमध उभी चीर गेली. परीक्षक फिरत आले तेव्हा ती चीर तिथे होती आणि मी शेजारी उभा होतो.

कारण सरळ आहे आणि मला ते माहीत असायला हवं होतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि तसं रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. साग या बाबतीत शहाणा मानला जातो. तरीही ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेत साधारण पाच टक्क्यांच्या वर आकसतो, त्रिज्येच्या दिशेत त्याच्या निम्मा. पावसाळ्यातली चौदा टक्के ओल हॉलमध्ये आठवर आली, की साडेचारशेच्या फळीत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतो. मी तिला हलायला जागाच ठेवली नव्हती, मग ती फुटली.

त्यामुळे आता मी ओल मोजण्याचं छोटं मीटर नेहमी खिशात ठेवतो आणि वखारीत फळी निवडतानाच लावतो. घरातल्या फर्निचरला आठ ते बारा टक्क्यांच्या मधे लाकूड हवं. घेतलेलं लाकूड वर्कशॉपमध्ये पट्ट्यांवर हवेशीर रचून महिनाभर तरी ठेवा. आणि रुंद फळी चौकटीला बांधताना लांबट भोकातून स्क्रू घ्या किंवा लाकडी बटणं लावा, म्हणजे ती सरकू शकेल. हे सांधे तुमच्या ड्रॉइंगवर दिसले तर परीक्षकाला कळतं की या माणसाला लाकूड समजतं.

मजबुतीसाठी भारतीय मानक ब्युरोची मानकं २०२२ मध्ये आली आहेत. साध्या खुर्च्या आणि स्टुलांसाठी आयएस १७६३२, टेबलांसाठी आयएस १७६३३, कपाटांसारख्या साठवणुकीच्या वस्तूंसाठी आयएस १७६३४. पहिल्या प्रवेशिकेला प्रयोगशाळेची गरज नसते, पण मानक वाचलं की कळतं, खुर्ची कुठे कुठे ताणली जाते. आम्ही वर्कशॉपमध्ये मागच्या दोन पायांवर कलवून, एका कोपऱ्यावर भार टाकून, दिवसातून शंभर वेळा बसून-उठून बघतो. कुसू, म्हणजे सांध्यात शिरणारी लाकडाची जीभ, खाचेत सैल असेल तर दोन दिवसांत आवाज यायला लागतो.

ड्रॉइंग

मिस्त्री सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. 'सहा सूत प्लाय' म्हटलं की पाऊण इंची, एकोणीस मिलिमीटरची. स्पर्धेच्या शीटवर मात्र सगळी मापं मिलिमीटरमध्येच द्या आणि सुतातून बदलताना गोळाबेरीज करू नका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या ड्रॉअरची मापं अशीच दोन ठिकाणी वेगवेगळी गोल झाली, आणि कागदावर ड्रॉअर खणापेक्षा चार मिलिमीटर मोठा निघाला.

समोरून, बाजूने, वरून असे तीन दृश्य हवेतच. त्याशिवाय एक छेद, जिथे मुख्य सांधा आतून दिसेल, आणि एक सुटे भाग अलग दाखवणारं चित्र. बाजूला माणसाची आकृती काढा, त्यानेच प्रमाण कळतं. शीट दोन असतील तर दोनच भरा. पहिल्या फेरीत परीक्षकासमोर शेकडो शीट असतात. तीन फूट दूर ठेवून दहा सेकंदांत वस्तू काय आहे ते कळलं नाही, तर मांडणी बदला.

मजकूर आणि फोटो

दीडशे-दोनशे शब्द मागतात. ते आधी मराठीत लिहा, आईला वाचून दाखवा, मग इंग्रजीत किंवा हिंदीत करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस 'निसर्गापासून प्रेरणा', 'कालातीत सौंदर्य' असं काहीतरी लिहितो आणि त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या वाक्यात माणूस यावा, दुसऱ्यात अडचण, मग तुम्ही काय केलं, कशाचं केलं, किती वजन, किती भाग, अंदाजे किती खर्चात होईल. चाचणीत काय बदललं ते एका वाक्यात जरूर लिहा. माझ्या मजकुराचं पहिलं वाक्य होतं: 'लासलगावजवळ कांदा निवडणारी बाई दिवसातून आठ तास उकिडवी बसते.' अंतिम फेरीत एका परीक्षकांनी तेच वाक्य मला परत म्हणून दाखवलं.

फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही. उत्तरेकडची खिडकी किंवा सकाळी नऊच्या आतला गच्चीवरचा उजेड, मागे पांढरी चादर, कॅमेरा बैठकीच्या उंचीवर. एक फोटो वस्तू वापरात असतानाचा, एक सांध्याचा अगदी जवळून.

पाठवण्याआधी नोंदणी

हे बहुतेकांना उशिरा कळतं. डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० खाली वस्तूच्या दिसण्याची, म्हणजे आकार, घडण, नक्षी यांची नोंदणी होते. ती दहा वर्षं टिकते आणि पाच वर्षं वाढवता येते. अट अशी की अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नसावं. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटोसुद्धा जाहीर होणंच आहे. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण तिला आधी सूचना द्यावी लागते आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. कुठल्याही स्पर्धेला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अर्ज, मग प्रवेशिका, मग सोशल मीडिया. अर्ज ऑनलाइन करता येतो, काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं, वैयक्तिक अर्जदाराचं शुल्क एक हजार रुपये आहे. सात बाजूंची स्वच्छ चित्रं लागतात: समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि एक तिरकं. यंत्रणा किंवा घडीची युक्ती या नोंदणीत येत नाही, तो पेटंटचा विषय आहे.

पॅकिंग आणि वाहतूक

कुरिअरवाला वजनापेक्षा जागा मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५०००ने भागायचं. पन्नास बाय पन्नास बाय नव्वदच्या खोक्यातली खुर्ची प्रत्यक्षात सहा किलो असली तरी बिल ४५ किलोचं येतं. तीच खुर्ची सुटी होऊन नव्वद बाय पन्नास बाय पंधराच्या खोक्यात बसली तर साडेतेरा किलो. ही अक्कल जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या थोनेट कंपनीची १८५९ची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भागांची होती आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. सुटं होणारं फर्निचर करत असाल तर हा आकडा स्वतःच्या वस्तूसाठी काढा आणि मजकुरात लिहा.

वस्तू सुटी होत नसेल तर पॅकिंगवाल्याकडून लाकडी क्रेट करून घ्या. आत कोपऱ्यांना फोम, मधे बबल शीट, पण ताज्या पॉलिशवर थेट प्लॅस्टिक कधीही नाही, त्याचे वण उठतात. आधी सुती कापड, मग बाकीचं. पॉलिश झाल्यावर किमान पंधरा दिवस मोकळं ठेवा. क्रेट स्क्रूने बंद करा, खिळ्यांनी नको, कारण परत येताना तोच वापरायचा असतो. क्रेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: उघडण्याचा क्रम, जोडण्याचा क्रम, सोबत लागणारी अ‍ॅलन की. हॉलवरची माणसं तुमची नसतात.

कागदपत्रांत डिलिव्हरी चलन लागतं, त्यावर 'स्पर्धेसाठी, विक्रीसाठी नाही, परत येणार' असं लिहा. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत पन्नास हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलही, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद. किंमत खरी लिहा, विमा त्याच आकड्यावर मिळतो. आणि मालाच्या दोन दिवस आधी स्वतःचं तिकीट काढू नका. माल पोचल्याचा फोन आला की मगच निघा.

परीक्षकांसमोर

चार-पाच मिनिटं मिळतात. स्लाइड कमी, वस्तू जास्त. परीक्षक खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघतात, हे मी प्रत्येक वेळी पाहिलं आहे. त्यामुळे तुम्हीच उलटी करून दाखवा. बुडाची बाजूही रंधा मारून, घासून, पॉलिश करून ठेवा. एक सुटा सांधा आणि एक जुना, फसलेला नमुना सोबत न्या. मी मातीने माखलेलं ते पहिलं चार पायांचं स्टूल नेलं होतं, न धुता. प्रश्न त्यावरच जास्त आले. भाषेची भीती बाळगू नका. हिंदीत सांगा, अडलं तर हाताने दाखवा. उत्तर येत नसेल तर 'हे मी तपासलेलं नाही' असं सरळ म्हणा. मिस्त्रींचं नाव घ्या, त्यांचा हात तुमच्या कामात आहे, आणि जमलं तर त्यांना सोबतच न्या. आमचे मिस्त्री हॉलभर प्रत्येक खुर्चीखाली वाकून बघत फिरले, आणि गाडीत परतताना कसाऱ्यापर्यंत मला एकेक सांधा समजावत होते.

निकाल काहीही लागो, आयोजकांना ईमेल करून परीक्षकांचे शेरे मागा. सगळे देत नाहीत, पण मला दोनदा मिळाले. एकात लिहिलं होतं की पट्ट्या किती हंगाम टिकतील याची माहिती नाही. ती बैठक परत आली तशी मी थेट लासलगावला पोचवली. आता तिला दोन हंगाम झालेत. गेल्या आठवड्यात व्हर्नियर लावून मोजलं: डावी पट्टी टाचेकडे चार मिलिमीटर झिजली आहे, उजवी दोन. मावशी डावीकडे सरकते, म्हणून. पुढच्या नमुन्यात पट्ट्या अदलाबदल करता येतील अशा स्क्रूवर घेतोय.